जत्रेच्या रात्री पिंग म्हणे सगळं ठीक, टीव्हीवर मात्र चौकोन

फोंड्याकडच्या एका देवळात जत्रेचं काम होतं. रात्री चौकात नाटक, आणि ज्यांना गर्दीत बसवत नाही त्यांच्यासाठी अग्रशाळेत (देवळाच्या आवारातली भाविकांची उतरायची जागा) आठ टीव्ही लावून लाइव्ह दाखवायचं. केबल टाकायची तर चौकाची फरशी उखडावी लागणार, त्याला कमिटी कशाला हो म्हणते, म्हणून वायफाय. प्रत्येक टीव्हीला एक अँड्रॉइड बॉक्स लावला आणि अग्रशाळेच्या ओसरीवर एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय सोडणारा डबा, कारण चिऱ्याच्या जाड भिंतीतून 5 गिगाहर्ट्झ जाता जात नाही.

मी शहाणपणा केला, मल्टिकास्ट लावलं. 4 एमबीपीएसचा व्हिडिओ, आठ जणांना वेगवेगळा दिला तर 32, मल्टिकास्टने एकदाच पाठवला की सगळे तोच उचलणार, पुस्तकात असंच असतं ना. दुपारी टेस्ट केली, मस्त चाललं. मी निवांत जेवलो.

रात्री नाटक उभं राहिलं आणि दहा मिनिटांत टीव्हीवर चौकोन चौकोन, राजाचं डोकं एकीकडे आणि धड भलतीकडे. खजिनदार काका धावत आले, "कितें जालें रे?" मी म्हटलं काका बघतो, आणि बॉक्सला पिंग मारला, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघितलं. एकही पॅकेट हरवलं नव्हतं. दुसऱ्याला मारला, तेच. अर्धा तास मी एन्कोडर (कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवर पाठवण्याजोगं करणारा डबा) बदल, स्विचची वायर बदल असलेच उद्योग करत होतो, कारण पिंग म्हणतोय वायफाय ठणठणीत.

शेवटी लॅपटॉप त्याच वायफायवरून मल्टिकास्ट ग्रुपला जोडून आरटीपीचे नंबर, म्हणजे व्हिडिओच्या प्रत्येक पॅकेटवरचा अनुक्रमांक, बघितले तर मधले नंबरच गायब! तेव्हा डोक्यात उजेड पडला. पिंग युनिकास्ट आहे, म्हणजे एकाने एकालाच पाठवलेलं, त्यातलं पॅकेट मिळालं की समोरचा पोच देतो, पोच नाही आली तर ॲक्सेस पॉइंट तेच पुन्हा पुन्हा पाठवतो, म्हणून हवेत कितीही मारामारी असली तरी पिंगला पत्ता लागत नाही. मल्टिकास्टला पोचच नाही, कुणाकुणाची घेणार? एकदा ओरडायचं आणि पुढे जायचं. त्यात सगळ्यात लांबच्यालाही ऐकू जावं म्हणून ते पाठवतात बेसिक रेटला, म्हणजे सगळ्यांना झेपेल अशा हळू स्पीडला, माझ्याकडे तो 6 एमबीपीएस होता. म्हणजे 4 चा व्हिडिओ एकटाच दोन तृतीयांश हवा खात होता, वरचा खर्च वेगळाच. दुपारी चौक रिकामा होता म्हणून खपलं. रात्री कमिटीच्या फुकट वायफायला लोकांचे मोबाइल चिकटले, वेगळं नाव दिलं तरी रेडिओ तोच, हवा तीच. शिवाय टीव्हीच्याच नावाला जोडलेलं एक जरी यंत्र पॉवर सेव्हमध्ये झोपलं तरी ॲक्सेस पॉइंट त्या नावावरचं सगळं मल्टिकास्ट पुढच्या डीटीआयएम बीकनपर्यंत (झोपलेल्यांना उठवायची ठरलेली हाक) अडवून ठेवतो, मग एकदम ओततो.

ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंग जिथून करतात त्या कंट्रोलरमध्ये मल्टिकास्टचं युनिकास्ट करायची सोय होती, ती चालू केली, त्यासाठी आयजीएमपी स्नूपिंग लागतं, म्हणजे कोणता बॉक्स काय बघतोय याची यादी ठेवणं, तेही केलं. पिक्चर काचेसारखं! गंमत बघा, आठ वेळा पाठवूनही हवा कमीच लागली, कारण प्रत्येक बॉक्सला त्याच्या वरच्या स्पीडने जात होतं आणि हरवलेलं परत मिळत होतं. (दोनशे मोबाइलना हा उपाय चालायचा नाही, तिथे एफईसी लागतं, म्हणजे दर दहा पॅकेटमागे दोन-तीन जास्तीची पाठवायची, त्यातून हरवलेली परत बनवता येतात. 2012 च्या 802.11एए मध्ये मल्टिकास्ट परत पाठवायची पद्धतही दिली आहे, पण माझ्या डब्यात ती नव्हती.)

काकांनी चहा मागवला, घोट घेतो न घेतो तोच आठही टीव्ही काळे. स्नूपिंग चालू केल्याला चार मिनिटं आणि वर थोडे सेकंद झाले होते, हा आकडा ओळखीचा वाटला. 260 सेकंद, म्हणजे स्नूपिंगच्या यादीतलं नाव खोडायची नेहमीची मुदत! नेटवर्कमध्ये क्वेरियरच नाही, "कोण कोण बघतंय रे" असं विचारणारा कुणी नाही, म्हणून स्विचने सगळ्यांची नावं खोडली. स्विचवर क्वेरियर चालू केला तेव्हा कुठे ते कायमचं मिटलं.

मग एक आजी म्हणाल्या, बाळा, बाहेरून राजा आधी ओरडतो आणि टीव्हीत तोंड मागाहून उघडतो. चौकातला भोंगा थेट ऐकू येत होता आणि बॉक्समध्ये दोन सेकंदांचा बफर (दाखवण्याआधी साठवून ठेवलेला व्हिडिओ), चौकोन चालू होते तेव्हा घाबरून मीच वाढवलेला. तो अर्ध्या सेकंदावर आणला, टीव्हीचे आवाज बंद केले. आजी म्हणाल्या, अजून थोडं मागे आहे, पण चालेल.