जोड्या जुळत नव्हत्या की सुटत होत्या?

अंडपेशी बनताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात का, ते बघायचं होतं. म्युटंट (जनुकात बदल असलेल्या) उंदरांच्या मादी गर्भांची अंडाशयं, वय १८.५ दिवस. ३० मिनिटं हायपोटॉनिक (पेशी फुगवणाऱ्या) बफरमध्ये ठेवली, १०० मिलिमोलर सुक्रोजच्या थेंबात सुयांनी पिंजली आणि १ टक्का पॅराफॉर्माल्डिहाइडने (पीएच ९.२, ट्रायटन ०.१५ टक्के) भिजवलेल्या स्लाइडवर पसरली. पेशी छान पसरल्या होत्या. पण पॅकीटीनचे (जोड्या पूर्ण जुळलेल्या असतात त्या टप्प्याचे) २० जाड दोर, प्रत्येक जोडीचा एक, दिसायच्या ऐवजी निम्म्याहून जास्त पेशींत दोरांना फाटे फुटलेले, आणि त्या फाट्यांवर हॉर्मॅड-१ (न जुळलेल्या गुणसूत्राच्या अक्षावर बसणारं प्रथिन) ठळक. म्युटंट उंदरांची लाइन असल्यामुळे 'जोड्या जुळतच नाहीत' हा निष्कर्ष जवळजवळ ठरलाच होता.

मला खटकलं ते नराचं. त्याच लाइनच्या १६ दिवसांच्या म्युटंट पिल्लाच्या वृषणात १९ जोड्या टोकापासून टोकापर्यंत मिटलेल्या होत्या. एक्स आणि वाय फक्त टोकाशी चिकटलेले, पण तो बिघाड नव्हे. त्यांच्यात सारखा भाग असतो तो टोकाचा सुमारे ७ लाख बेसजोड्यांचा, बाकी लांबीला जोडीदारच नाही. शिवाय जुळणी खरंच बिघडली तर आधी अडकतो तो नर. त्याच्या पेशी पॅकीटीनमध्येच मरतात, मादीच्या बऱ्याचदा पुढे जातात. इथे सगळं उलटंच.

हॉर्मॅड-१ने फसवलं होतं. जोडी जुळताना ते अक्षावरून उतरतं हे खरं, पण डिप्लोटीनमध्ये, म्हणजे पॅकीटीनच्या पुढच्या टप्प्यात, दोर उकलले की परत चढतं. म्हणून उरलेल्या स्लाइड गॅमा-एच२एएक्स (डीएनए तुटल्याची आणि न जुळल्याची खूण) आणि एमएलएच-१ (जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते तिथे बसणारं प्रथिन) यांनी रंगवल्या. न जुळलेल्या अक्षाभोवती गॅमा-एच२एएक्सचा ढग हवा होता, तो कुठेच नव्हता. उलट काही पेशींत दोर जिथे अजून मिटलेला, नेमका तिथे एमएलएच-१चा ठिपका. हा ठिपका पॅकीटीनच्या आधी येत नाही. म्हणजे जोड्या जुळून झाल्या होत्या आणि आता सुटत होत्या.

चूक पिंजऱ्याच्या कार्डावर सापडली. प्लग (समागमानंतर मादीत दिसणारी खूण, तिच्यावरून गर्भाचं वय मोजतात) एका सकाळी तपासलाच नव्हता, दुसऱ्या दिवशी दिसला आणि तीच तारीख लिहिली गेली. गर्भ एक दिवस मोठे होते, आणि मादीत जन्माच्या तोंडावर एक दिवस फार होतो. कंट्रोल (तुलनेसाठीचे साधे गर्भ) दुसऱ्या आईचे, वयाने बरोबर, म्हणून फरक आणखी उठून दिसला. कंट्रोल त्याच आईचे असते तर त्यांच्यातही हेच फाटे दिसले असते.

१७.५ दिवसांच्या गर्भांवर, सख्ख्या भावंडांचेच कंट्रोल घेऊन पुन्हा केलं. म्युटंटमध्येही २० दोर, सगळे मिटलेले. मादीचे दोन एक्स पूर्ण लांबीने जुळतात, त्यामुळे त्या २० मधला एक्सचा दोर कोणता, हे वेगळं रंगवल्याशिवाय कळतही नाही.