नॉर्मंडीच्या जहागीरदाराने आमचं सॉफ्टवेअर गंडवलं त्याची गोष्ट

जुन्या फ्रेंच पुस्तकांची स्कॅन केलेली पानं सॉफ्टवेअर वाचतं आणि ते जिथे अडखळतं तिथे मी मूळ पान बघून दुरुस्त करते, हे माझं काम. बहुतेक दिवस जुन्या छपाईतले एस आणि एफचे घोळ निस्तरण्यात जातात.

त्या दिवशी आलं जिल द गुबरव्हिलचं मटेरियल. सोळाव्या शतकातला बारकासा जमीनदार, शेरबूरजवळ मेनिल-ओ-व्हालला वाडा, जंगलखात्यात सरकारी पद, लग्न केलेलं नाही. त्याची १५४९ ते १५६२ च्या आसपासची रोजनिशी शिल्लक आहे. रोजनिशी कसली, हिशोबाची वहीच, मजुरांना किती सू (तेव्हाचं फ्रेंच नाणं) दिले, जेवायला कोण आलं, कोर्टात काय झालं, सफरचंदाची कलमं कुठे बांधली (बारा दनिये म्हणजे एक सू, आपल्याकडे बारा पैचा आणा होता तसं, त्यामुळे मला आकडे पटापट लागत होते). सायडर, म्हणजे आंबवलेला सफरचंदाचा रस, गाळून दारू काढण्याचा १५५३ चा त्याचा उल्लेख लोक आजही कॅल्व्हडोस या नॉर्मंडीच्या सफरचंदी ब्रँडीच्या इतिहासात सांगतात. पण मनातलं? एक अक्षर नाही. चौदा वर्षं रोज लिहितोय हा माणूस आणि राग नाही प्रेम नाही काही नाही.

आणि मधेच सॉफ्टवेअरने दोन ओळींचा पार कचरा केला. मूळ पान उघडलं तर ग्रीक अक्षरं! आमच्या लीडचं म्हणणं, कोरं सोडा आणि पुढे चला, टार्गेट राहतंय. शेजारचा फिजिक्सवाला म्हणाला थांब, ही अक्षरं मला येतात, अल्फा बीटा करत त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, त्याला काहीच कळत नव्हतं आणि मी मात्र लाल, कारण लिपी ग्रीक असली तरी भाषा चक्क फ्रेंच होती आणि विषय बाईचा. नंतर शोधलं तर अभ्यासकांना हे चांगलं माहीत आहे, खाजगी भानगडी साहेब असेच लपवून लिहायचे. मला तर तो तिथून पुढेच आवडायला लागला.

शेरा टाकला, "लिपी ग्रीक, भाषा फ्रेंच, जसंच्या तसं ठेवावं." क्लायंटने लगेच मान्य केलं, लीड गप्प. मी मात्र सुटल्यावरही बसून राहिले, कारण साहेब बढतीसाठी थेट राजाच्या दरबारी ब्लवाला निघाले होते आणि ती मिळते का ते बघायचं होतं.

नाही मिळाली.