लिहायचंच आहे ना? मग काहीही चालते!

गेल्या ऑगस्टमध्ये एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा मेसेज आला, ‘ताई, कथा मिळाली पण वाचता येत नाही. यूनिकोडमध्ये पाठवा.’ फाईल उघडत होती, पण उघडली की देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि प्रश्नचिन्हांचा सडा. बावीस पानं तशीच.

तोवर माझी रीत ठरलेली होती. फुलस्केपवर लिहायचं, स्वच्छ प्रत काढायची आणि आमच्या वस्तीतल्या डीटीपीवाल्या भाऊंकडे नेऊन द्यायची. पानाला तीस रुपये. भाऊंचा हात बसलेला, पण फॉन्ट वीस वर्षांपूर्वीचा. त्या जुन्या फॉन्टांमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच असतो, वरून मराठी अक्षरांचे मुखवटे चढवलेले असतात. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसला की मुखवटे गळतात. यूनिकोडात मात्र अक्षर संगणकाच्या लेखीही मराठीच असतं. भाऊंनी कन्व्हर्टर लावून फाईल यूनिकोडात आणून दिली, तर पहिल्या वेलांट्या शेजाऱ्याच्या अंगावर आणि रफार भलत्याच डोक्यावर. माझ्या नायिकेचं नाव निर्मला. एकाच शब्दात वेलांटी आणि रफार दोन्ही! ती बिचारी बावीस पानं विद्रूप होऊन फिरत होती. दुरुस्त करता करता मुदत गेली.

मध्ये फोनवर लिहून पाहिलं. दोन परिच्छेदांत मान धरली. बोलून टाइप करण्याचाही प्रयोग केला, पण आमच्याकडचं ‘का’ या अर्थाचं ‘काहून’ म्हटलं की त्याला काहीतरी वेगळंच ऐकू जायचं. माझी निम्मी पात्रं ‘काहून’ म्हणतात, तेव्हा तोही मार्ग बंद झाला. लॅपटॉप घेणं आलं.

पैसे होते वीस हजार. बोर्डाचे पेपर तपासल्याचं मानधन दोन वर्षं बाजूला ठेवलेलं होतं. कथांच्या मानधनातून घ्यायचं ठरवलं असतं, तर लॅपटॉप माझ्या नातवाने चालवला असता. त्यात मला अजून नातू नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका रविवारी जयप्रकाशनगरहून मेट्रो धरली आणि बर्डीला, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीला, उतरले. मोठ्या काचेच्या दुकानात शिरले. कोट घातलेला पोट्टा धावत आला.

‘‘मॅडम, गेमिंगसाठी पाहिजे की एडिटिंगसाठी?’’

‘‘लिहायला.’’

‘‘लिहायला म्हणजे?’’

‘‘कथा लिहिते मी. मराठीत.’’

‘‘अच्छा, लिहायचंच आहे ना? मग काहीही चालते!’’ असं म्हणून त्याने सगळ्यात कोपऱ्यातला, सगळ्यात स्वस्त लॅपटॉप दाखवला. चार जीबी रॅम, चौसष्ट जीबीची जागा, किंमत बजेटात. बाकीच्या टेबलांवर दिवे लागलेले कीबोर्ड चमकत होते. मला क्षणभर वाटलं, खरंच की, आपल्याला काय एवढं लागतं?

लागतं. ते मला आधीच थोडं कळलेलं होतं, कारण ऑगस्टनंतर मी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मधल्या सुट्टीत इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी अक्षरांची एक कीबोर्ड-मांडणी, शिकायला बसले होते. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याचं म्हणणं होतं, ‘‘मावशी, फोनेटिक घे ना, विंडोजमध्येच येते. इंग्रजीत टाइप करायचं, मराठी उमटते.’’ चांगली सोय आहे, अनेक जण वापरतात. पण ‘पाणी’ लिहिताना माझ्या मनात आधी इंग्रजी ‘पी’ यावा हे मला पटेना. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. ‘क’च्याच बटणावर शिफ्ट धरून ‘ख’, ‘ल’च्या बटणावर शिफ्ट धरून ‘ळ’. रचना वर्णमालेला धरून आहे, म्हणून मला ती आपली वाटली. तीन आठवडे रोज वीस मिनिटं घातली आणि बोटं बऱ्यापैकी वळायला लागली.

या लेआउटमध्ये एक मेख आहे आणि ती कोणताही विक्रेता सांगत नाही, कारण त्यालाही माहीत नसते. इंग्रजी लिहिणाऱ्याला कीबोर्डचा उजवा कोपरा क्वचित लागतो. तिथे अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस, तिरकी रेघ असलं सटरफटर असतं. मराठीत मात्र त्याच बटणांवर च, ट, ड, य बसलेले आहेत. ‘ज’सुद्धा त्यांच्या शेजारीच. यांच्याशिवाय एक ओळ लिहून दाखवावी कोणी! शिवाय अ, आ, इ, ई, उ असे सुटे स्वर काढायला डाव्या हाताचं बटण आणि उजवीकडची शिफ्ट लागते. स्वस्त आणि आखूड कीबोर्डवर जागा वाचवतात ती नेमकी याच कोपऱ्यात.

त्या कोपऱ्यातल्या लॅपटॉपची उजवी शिफ्ट अर्धी कापलेली होती. उरलेल्या अर्ध्या जागेत वर जाणारा बाण. मी मराठी भाषा घालून द्यायला सांगितलं, तर ‘‘डेमो पीसची सेटिंग बदलता येत नाही मॅडम’’. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्यावर मी स्वतःच सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडली. दोन मिनिटांचं काम. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. पहिलाच शब्द लिहायला घेतला ‘आई’. दोन्ही अक्षरांना उजवी शिफ्ट. दोन्ही वेळा बोट बाणावर पडलं आणि कर्सर वरच्या ओळीत पळाला. ज्यावर आई लिहिता येत नाही त्याचं काय करायचं, असं मनाशी म्हणून बाहेर पडले.

घरी येऊन एका चिठ्ठीवर परीक्षेचं वाक्य तयार केलं. आम्हा मास्तरांना प्रश्नपत्रिका काढल्याशिवाय चैन पडत नाही. वाक्य असं: ‘पावसाळ्यात तिसऱ्या माळ्यावरच्या कृष्णाबाईंनी ढेमशांच्या टोपलीवर पितळी झाकण घट्ट दाबलं.’ ऱ्या आहे, ळ आहे, कृ आहे, ष्ण आहे, ढ, ट, झ, घ सगळे आहेत. जो लॅपटॉप हे वाक्य विनातक्रार लिहू देईल आणि लिहिलेलं मला चष्म्यातून नीट दिसेल, तो पास.

दिसण्याचा मुद्दा मला वाटलं होतं त्याहून मोठा निघाला. देवनागरी तीन मजली लिपी आहे. शिरोरेषेच्या वर मात्रा आणि अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि ऋकार. १३६६ बाय ७६८ ठिपक्यांच्या पडद्यावर, त्यातही तो पंधरा इंची असेल तर, ‘कु’ आणि ‘कृ’ यांच्यातला फरक मला अंदाजाने ओळखावा लागत होता. अनुस्वार आहे की पडद्यावर धूळ आहे हे बोटाने पुसून ठरवायचं! १९२० बाय १०८०च्या चौदा इंची पडद्यावर तेच वाक्य एकदम सुटं दिसलं. भाच्याने अजून एक सांगितलं, पडदा मागे-पुढे कलवून पाहा. काही पडदे जरा कलले की अक्षरं फिकी पडतात. आरामखुर्चीत बसून लिहिणाऱ्याने हे पाहावंच.

बाकीच्या गोष्टी भाच्याने चार वाक्यांत संपवल्या. रॅम आठ जीबी, कारण लिहिताना शब्दकोश आणि दहा खिडक्या उघड्या राहतातच. साठवणीला एसएसडी, २५६ जीबी पुष्कळ. ते चौसष्ट जीबीवालं नको, निम्मी जागा विंडोजच खाऊन बसते. प्रोसेसर कुठला, यावर वाद घालू नको, तुझी कथा काही त्याला जड होणार नाही.

वीस हजारांत असा नवा मिळेना. म्हणून वापरलेल्याकडे वळलो. इथे तारखेचा एक हिशेब आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार थांबला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. पिढी ओळखायची खूण सोपी आहे: आय५-८२५०यू असं लिहिलेलं असेल तर रेघेनंतरचा आठ म्हणजे आठवी पिढी. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रांवर कशीबशी ११ चढवून ‘एकदम लेटेस्ट’ म्हणून विकणारे मला दोघे भेटले. त्यांना मी रेघेनंतरचा आकडा विचारला, तर एकाने विषय बदलून चहा मागवला. चहा चांगला होता.

शेवटी बर्डीतल्याच मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये, एका कॉम्प्लेक्सच्या माळ्यावर एक लहानसं दुकान सापडलं. मालक माझ्याच वयाचे. कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप दुरुस्त करून विकणारे. मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाले, ‘‘बसा ताई. सगळ्यांवर लिहून पाहा. आज तशीही गर्दी नाही.’’

मी चाळीस मिनिटं बसले. भाचा कंटाळून खाली पोहे खायला गेला.

तिथे लेनोवो कंपनीचे दोन थिंकपॅड टी४८० होते, २०१८चं मॉडेल, आठवी पिढी, चौदा इंच. बाहेरून जुळे भाऊ. पण एकाचा पडदा १३६६ बाय ७६८ आणि दुसऱ्याचा १९२० बाय १०८०. हे मॉडेल दोन्ही पडद्यांत निघालं होतं. पहिला दोन हजारांनी स्वस्त होता. नुसतं मॉडेलचं नाव वाचून फोनवर सौदा केला असता तर कुठला पदरात पडला असता, देव जाणे. कीबोर्ड मात्र दोन्हींचे सुरेख. बटणं खोलवर दबतात, बोटाला कळतं की अक्षर उमटलं. उजवी शिफ्ट अख्खी. मध्यभागी एक लाल बोंड असतं माऊसऐवजी, ते आपल्या लेआउटमध्ये उकार, प आणि व यांच्या मधोमध येतं. सुरुवातीला मला ते कुंकवासारखं वाटलं.

चांगल्या पडद्याच्या भावावर वाक्य लिहिलं. कृष्णाबाई आल्या, ढेमसे आले, आणि टोपलीची ‘ोपली’ झाली. ‘घट्ट’मधले दोन्ही ट गायब, नुसता पाय मोडलेला घ उभा. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. ट ज्या बटणावर आहे ते इंग्रजीत अवतरणचिन्हाचं बटण. ते मेलेलं होतं.

मालकांनी स्वतः दाबून पाहिलं. ‘‘दोन महिन्यांपासून इथं ठेवला आहे. पंधरा जणांनी तरी चालवून पाहिला असेल. कोणाच्या ध्यानातच नाही आलं जी!’’ कसं येणार? बाकीच्यांनी स्वतःचं नाव इंग्रजीत लिहून पाहिलं असणार. त्यांनी कीबोर्ड बदलून द्यायचं कबूल केलं, चार दिवस मागितले, आगाऊ पैसे घेतले नाहीत. मला माणूस पटला.

चार दिवसांनी भाच्याने बॅटरीची झडती घेतली. विंडोजमधल्या आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’ची बॅटरी रिपोर्टवाली आज्ञा दिली की एक अहवाल तयार होतो. मूळ क्षमता किती होती आणि आता पूर्ण भरल्यावर किती उरते, हे त्यात येतं. या मॉडेलला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे काढता-घालता येणारी. आतली चोवीस वॅट-तासांपैकी एकोणीस उरलेली, म्हणजे ठीक. मागची चोवीसपैकी नऊ! ती त्यांनी बदलून दिली. भाव २१,००० सांगितला होता, १८,५०० वर आला. पक्कं बिल आणि सहा महिन्यांची दुकानाची हमी कागदावर लिहून घेतली. भाच्याला मेहनताना म्हणून पुडाच्या वड्या. सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणून निवडून द्यायचं काम त्याच्याकडेच लावलं.

घरी लिहायला लिब्रेऑफिस हे सॉफ्टवेअर टाकलं, ते फुकट आहे. फॉन्टमध्ये मी जरा हट्टीपणा केला. संगणकावर बहुतेक ठिकाणी ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. चाळीस वर्षं फळ्यावर ज्या वळणाचा ल पाहिला आणि पोरांकडून गिरवून घेतला, तो स्वतःच्या कथेत नसावा हे सहन होईना. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फॉन्ट मराठी वळणाचे ल आणि श देतो. तो घातल्यावर पान आपलं वाटायला लागलं. भाचा म्हणे, संपादक शेवटी त्यांच्याच फॉन्टात बदलणार आहेत. बदलू देत. लिहिताना मला दिसतो ना.

बटणांवर चिकटवायला देवनागरीचे स्टिकरही आणले होते. हिवाळाभर उपयोगी पडले. मे महिन्यात, नवतप्याच्या म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या आधीच, त्यांच्या खालचा गोंद पाघळायला लागला आणि ‘म’ माझ्या बोटाला चिकटून आला. तोवर खाली पाहायची गरज उरली नव्हती, सगळे काढून टाकले. उन्हाळ्याने बसण्याची जागाही ठरवली. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवायचा नाही, कारण खसमधून पाण्याचे तुषार येतात. गादीवर ठेवायचा नाही, खालची हवा कोंडली की पंखा बोंबलतो. म्हणून पहाटे पाच ते साडेसहा, जेवणाच्या टेबलावर. पहिल्या वादळात वीज गेली तेव्हा यांनी ‘‘अगं, सेव्ह कर!’’ म्हणून आतून आरडाओरडा केला. मी लिहीतच होते.

निर्मलाची कथा जुलैत नव्याने टाइप केली. भाऊंच्या फाईलवरून नाही, फुलस्केपवरूनच. हाताखालून जाताना बावीसची एकोणीस पानं झाली. मेलने पाठवली. दुसऱ्याच दिवशी त्याच संपादकांचं उत्तर आलं, ‘ताई, फाईल उघडली. सगळी अक्षरं जागेवर आहेत. कथा वाचून कळवतो.’

त्याला आता पाच आठवडे झाले.