काठीची चकती

मे महिन्यात आमच्या दुकानात दोन प्रकारची गर्दी असते, सामान नेणाऱ्यांची आणि परत आणणाऱ्यांची. सदाशिव पेठेत ट्रेकिंगचं सामान भाड्याने देता देता एक सवय लागलीय. परत आलेली वस्तू हातात घेतली की माणूस कुठे गंडला ते बघायचं.

त्या दुपारी हिमाचलातला सार पासचा बर्फातला ट्रेक करून तीन पोरं आली. जाताना ‘दादा, आतकरवाडीतून सिंहगड पन्नास मिनिटांत चढतो आम्ही’ असं ऐकवून गेलेली. आता एकाच्या नाकाची सालं निघाली होती आणि हनुवटीच्या खालची कातडीही भाजली होती. ऊन वरून लागतं, मग खालून कसं भाजलं? ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. टोपी घालून काय उपयोग!

बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचे गेटर्स मी लावलेल्या रबरबँडसकट परत आले. एका काठीचा खालचा भाग मात्र धनुष्यासारखा वाकलेला, आणि टोकावरची प्लॅस्टिकची चकती गायब.

“नगारूच्या कॅम्पवरून किती वाजता निघालात?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. “वाटाड्या तीनला उठवत होता. पण थंडी एवढी होती की... सातला.”

तिथेच सगळं आलं. या दिवसांत बर्फ रात्री गोठून टणक होतो, पहाटे त्यावर बूट नीट टिकतो. ऊन चढलं की वरचा थर वितळतो, पाणी आत झिरपतं आणि कणांची पकड सुटते. काळ्या खडकाशेजारी तर आतून पोकळीच झालेली असते. हा पठ्ठ्या अकराच्या सुमारास नेमका खडकाला धरून चालला आणि मांडीपर्यंत आत गेला. सावरायला काठी रोवली, तर चकती नसल्याने तीही मुठीपर्यंत खाली. त्याच काठीवर जोर देऊन पाय उपसला. बुटात बर्फ शिरला, मोजे संध्याकाळपर्यंत ओले. गेटर्स सॅकच्या तळाशी!

“चकती कुठंय?”

“सारखी अडकत होती, म्हणून इथेच काढून ठेवली. घरी आहे.”

मी डिपॉझिटमधून तीनशे कापले. मग काठीच कच्ची होती, वगैरे सुरू झालं. मागे उभ्या काकू शुक्रवारी निघणार होत्या. इतका वेळ गप्प ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, “माझ्या काठीला ती चकती आहे ना, ते आधी बघा हो. आणि गेटर्स कसे बांधायचे तेही दाखवा.” दहा मिनिटं स्टुलावर बसवून दाखवले. त्यांनी दोनदा सोडून पुन्हा बांधले.

संध्याकाळी शटर ओढताना तोच पोरगा धापा टाकत आला. चकती काउंटरवर ठेवली.

“घ्या, मिळाली. आता दीडशे तरी परत द्या.”

चकतीचे वीस रुपये दिले.