पावसाळ्यातला तबला

जून लागला की माझा रियाज एक तासाचा, आणि त्यातला पाऊण तास हातोडी. खोटं नाही सांगत. कोल्हापुरात पाऊस बसला की आठ आठ दिवस उन्हाचं नाव नाही, भिंतीला पापुद्रे, चपलेला बुरशी, आणि तबल्याची पुडी म्हणजे शेवटी बकऱ्याचं कातडंच की, ती ओल धरते आणि सैल पडते. रात्री काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) मिळवून ठेवलेला तबला सकाळी बघावं तर पांढरी एकच्याही खाली. मग गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, वरनं ठोके, एक एक घर (दोन चामडी पट्ट्यांमधली जागा) करत सोळा घरं, एवढं करून सूर चढला नाही तर बाजूचे लाकडी गट्टे ठोका. आतनं आईचा आवाज ठरलेला, "अरे ठोकत काय बसलाईस, वाजवणार कधी?"

माझा उपाय म्हणजे कपाटात साठचा पिवळा बल्ब. पण एलईडी आल्यापासनं तो मिळणंच अवघड झालंय, परवा एका दुकानात मागितला तर काउंटरवरचं पोरगं म्हणतंय, "कोंबडीची पिल्ली आणलीसा काय काका?" मी हो म्हटलं. तबला समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

पण एक आहे, मला आता ते लावणंच आवडायला लागलंय. सोळाही घरं एका सुरात आली की चाटेवर, पुडीच्या काठाला, एकच 'ना' मारायचा आणि तो विरेपर्यंत गप्प बसायचं, नंतर बोलांचा कायदा वाजवला काय आणि नाही वाजवला काय.

लोक विचारतात तुम्हाला सुचतं कुठनं. काय सांगू, रविवारी मटणाच्या लायनीत. आमच्या इथला खाटीक दोन्ही हातात सत्तूर घेऊन खिमा करतो ना, तो शुद्ध रेला आहे, तबल्यावरची बोलांची सलग धावती लड, आणि डाव्या हाताचं वजन उजव्याइतकंच, जे मला वीस वर्षं घासून जमलेलं नाही. मी मांडीवर बोटं चालवत उभा असतो आणि मागचा माणूस ढकलतो, चला की पुढं. (बकरं त्याच्याकडंही आणि माझ्याकडंही, हा विचार मी फार वेळ करत नाही.)

पण खरी आवड विचाराल तर साधा ठेका. अल्लादिया खाँसाहेब (1855-1946) ह्याच गावात शाहू महाराजांच्या दरबारी होते, आणि त्यांच्या जयपूर-अत्रौली गायकीला साथ करायची म्हणजे तबलजीनं हात आवरायचा. गाणारा लयीला असे काही वळसे घालत येतो की आपण सरळ तीनताल धरून ठेवला तरच त्या वळशांना अर्थ. पंचविशीत मला ही शिक्षा वाटायची, एवढे तुकडे पाठ केलेत ते कुणाला ऐकवायचे? आता कुणी वाजवा म्हटलं तरी नको वाटतं, ठेक्यातला धा नीट पडला की माझं पोट भरतं.

केशवराव भोसले नाट्यगृहात अशीच साथ करायची फार इच्छा होती. शाहू महाराजांनी 1915 साली बांधलेलं ते थिएटर 2024 च्या ऑगस्टमध्ये जळालं. ऑगस्टमध्ये, म्हणजे माझा तबला बल्बखाली ठेवूनसुद्धा वाळत नाही त्या महिन्यात. त्या रात्री झोप लागली नाही, जास्त काय लिहू.

मागच्या आठवड्यात एका घरगुती बैठकीत होतो. खिडक्या उघड्या, बाहेर धो धो, तिसऱ्या आवर्तनालाच तबला उतरायला लागला. बाईंनी तान संपवली आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. मी डाव्या हातानं डग्ग्यावर ठेका चालू ठेवला, उजव्यानं हळूच हातोडी काढली आणि गजऱ्यावर ठोका दिला, तो नेमका समेवर पडला.

मागनं कुणीतरी म्हणालं, "वा!"