ॲडमिशन नाही मिळाली का?

"अगं, मग तिला कॉलेजला ॲडमिशन नाही मिळाली का?" आज व्हिडिओ कॉलवर नाशिकच्या मावशीने हे इतक्या काळजीने विचारलं की मला रागही येईना. लेक शेजारीच बसली होती. काही न बोलता लॅपटॉप उचलून वर गेली.

ती इथे इंग्लंडमध्ये आयटीची डिग्री अप्रेंटिसशिप करतेय. २०१५ ला सुरू झालेली योजना आहे ही, आठवड्यातले चार दिवस कंपनीत टीमबरोबर खरं काम, कोड लिहायचा, टेस्ट करायचा, सीनियरची बोलणी खायची, आणि एक दिवस युनिव्हर्सिटीचा अभ्यास, शेवटी पूर्ण बीएस्सी. फी तिला शून्य, वर दर महिन्याला पगार. तिच्या मैत्रिणी वर्षाला ९,५०० पौंडांहून जास्त फीसाठी कर्ज काढून शिकतायत. आणि हे काही सहज मिळत नाही हो, ऑनलाइन टेस्ट, ग्रुप टास्क, इंटरव्ह्यू, सगळ्यातून गेली ती.

आपल्याकडे अप्रेंटिस म्हटलं की मार्क कमी पडलेला आयटीआयचा मुलगा डोळ्यासमोर येतो. पण त्या मुलाबद्दल तरी आपण अशा सुरात का बोलतो? माझे काका आयटीआय फिटर होते, त्यांच्या ओव्हरटाइमवर आमच्या घरातली दोन पोरं इंजिनियर झाली. त्यांच्या हातातलं कौशल्य कुणी शिक्षणात धरलंच नाही, हे मला आज फार लागलं.

तुमच्या घरी कोणी असं काम करत शिकतंय का? नातेवाइकांना काय सांगता तुम्ही?