९ ऑगस्ट, रोवणी अन् गोल रेला

आधी हे सांगून टाकतो म्हणजे पुढचं समजन. ९ ऑगस्ट म्हणजे आमच्या गडचिरोलीकडं ऐन रोवणीचे, म्हणजे धानाची रोपं लावायचे दिवस. जागतिक आदिवासी दिनासाठी ही तारीख धरली कारण १९८२ मधे युनोच्या एका गटाची पहिली बैठक ह्या दिवशी जिनिव्हात झाली होती, अन् दिवस जाहीर झाला १९९४ ला. आता जिनिव्हात कुठं आली धानाची रोवणी! त्यामुळं होते काय, तालुक्याला मंडप पडते, सातरंगी झेंडे लागते, बिरसा मुंडा, राणी दुर्गावती, इंग्रजांशी लढलेले बाबुराव शेडमाके यांच्या फोटोंना हार घालणं सुरू होते, अन् ज्या बायांना रेल्याची, म्हणजे आमच्या गोंडांच्या नाचाची गाणी रात्रभर पुरतीन एवढी पाठ आहेत त्या सगळ्या बांधीत गुडघाभर चिखलात वाकून राहतात. माही आजी त्यातलीच. चाल म्हटलं तं म्हणे, पऱ्हे (धानाची रोपं) थांबत नाही बापू, तुमचा कार्यक्रम थांबते.

मंग गेलो आम्ही पोट्टेच.

रॅली मस्त झाली, खोटं नाही बोलत. पाऊस होता तरी गावोगावचे ट्रॅक्टर भरून लोकं आले, भेटन तो "जय सेवा" म्हणत होता, अन् नागपूरच्या होस्टेलवर गोंडी बोलायला लाजणारे माहे मित्र इथं भर चौकात मोठ्यानं गोंडीत गप्पा हाणत होते. एवढ्यासाठीच हा दिवस पाहिजे असं माहं मत आहे. बचत गटाच्या बायांनी सात्यांची (रानातल्या अळिंबीची) भाजी अन् वास्ते (बांबूचे कोंब) आणले होते, ते भाषणं सुरू व्हायच्या आधीच संपले. (मोहाचे लाडू उरले होते, ते मी खाल्ले.)

गडबड झाली नाचाच्या वेळी. रेला गोलात नाचतात, एकमेकींचे हात धरून, तोंडं आत. एक बाजू ओळ म्हणते, दुसरी ती उचलते, म्हणून समोरचीचं तोंड दिसलं पाहिजे, नाहीतं गाणं तुटते. अन् माइकवाला ओरडून राहिला, ताई पाहुण्यांकडं तोंड करा, ताई लाइनीत या, फोटो नीट येत नाही. पोरी बिचाऱ्या एक लाइन करून उभ्या झाल्या, आता एकमेकींचं ऐकू येईना, मंग कोणीतरी मोबाइलवरून गाणं लावलं अन् पाच मिनटात सगळं आटोपलं. त्याच्यानंतर भाषणं झाली दोन तास, त्यात संस्कृती जपा हे किती वेळा आलं ते मोजायचं मी मधातच सोडलं.

आमचे स्वतःचे सण हंगामाच्या हिशेबानं कसे लागतात पहा. पेरणीच्या तोंडावर विज्जा पंडुम, म्हणजे बियाण्याचा सण. आंब्याचा मरका पंडुम, तो झाल्याशिवाय जुनी माणसं नवा आंबा तोंडात घालत नाही, त्यामुळं कच्ची फळं झाडावर राहतात, कोय नीट धरते. कचारगडची जत्रा माघ पौर्णिमेला, म्हणजे धान कापून, चुरून, घरात येऊन पडल्यावर, हातात चार पैसे असताना. तेव्हा गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या त्या गुहांकडं महाराष्ट्रातूनच नाही, तं छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातूनही लोकं येतात, पारी कुपार लिंगो अन् जंगो रायताड ह्या आमच्या दैवतांच्या दर्शनाला, अन् तिथं रात्री जे गोल धरतात ना त्याच्यात पाहुणा कोण अन् नाचणारा कोण हे सांगताच येत नाही. पाहायला उभे राहा, कोणीतरी हात धरून आत ओढतेच. १५ नोव्हेंबरला बिरसा जयंती असते, पण तेव्हाही आमच्याकडं धान कापणीवर आलेला असते.

तारीख बदला असं नाही म्हणत मी, जगभर एकच दिवस असण्यात मजा आहे. पण खुर्च्या तं बदलता येतीन ना? आम्ही समितीवाल्या काकांना म्हटलं, पुढच्या वर्षी मंडपाच्या मधात चुन्यानं मोठा गोल आखा, पाहुण्यांच्या खुर्च्या त्याच्या भोवतीनं ठेवा अन् भाषणं कमी करा. काका म्हणे खुर्च्यांचं जमते, भाषणांचं काही सांगता येत नाही, येणारं वर्ष इलेक्शनचं आहे. अन् कार्यक्रम संध्याकाळी ठेवा म्हटलं, बाया बांधीतून परतल्यावर, तं त्याच्यावर म्हणे लाइटचा भरोसा नाही. जनरेटरसाठी आता आम्ही पोट्टे वर्गणी जमा करून राहिलो.